जमनीचं बी

मानीबाई : बा, अरे थांब! नर झाडं कुठी गेले सारे?

किसनसिंग : उपटून फेकले. तुही माय जमनी तसंच करे ना.

मानीबाई : मंग ह्या गांजाच्या मादीले बी कोठून येईन?

किसनसिंग : कोठून म्हणजे? मादीलेच तं येते बी.

मानीबाई : नर नसला तं नाही येत! याडी सारे नर काढे, पण कुडाच्या मांगं एक ठेवे. त्याच्याच जोरावर दुसऱ्या सालचं बी.

किसनसिंग : कुडाच्या मांगं? मले तं कधी दिसला नाही.

मानीबाई : तू सदा गाडी जुतून दारव्ह्याच्या बाजारात. तुले घरचं काय दिसन!

किसनसिंग : अवं, बी मी लय निवडून पेरलं. काळं, टपोरं, चकचकीत. म्हटलं, टपोऱ्या बियाची मादीच निंगन.

मानीबाई : अती शायना, त्याचा बैल रिकामा! बियाच्या तोंडावर लिवलं राह्यते काय? फूल आल्याबिगर याडीलेही समजत नव्हतं. घरात उरलं हाये थोडंसं?

किसनसिंग : नाही. गाडगं खरडून सारं पेरलं.

मानीबाई : काय केलं रे बा हे! तांड्यात मांग कोणाले तरी.

किसनसिंग : सरकारच्या भेवानं कोणीच लावत नाही आता. साऱ्याइचं जमनीवरच चाले. कोणाच्या बैलानं चारा सोडला, का माणूस आपल्या दारात. "जमनीबाई, पाला दे वं." महाराष्ट्र झाला त्या साली ते गेली, अन् दार ओस पडलं. मले करमत नाही, मानी. म्हटलं, झाडं उभे राह्यले तं लोकं येतीन. बसतीन घडीभर.

मानीबाई : आलं कोणी?

किसनसिंग : तांड्यातला नेमसिंग आलता. पाला घेतला अन् उभ्या उभ्याच गेला.

मानीबाई : चाल माह्यासंगं, माह्या घरी उमरखेडले. इथी भिंतीशी बोलत बसतं.

किसनसिंग : बी धरलं असतं तं पुढच्या साली आले असते लोकं... तिनं मले काहून नाही सांगतलं वं? जनम गेला एका चुलीवर.

मानीबाई : तू इचारलं व्हतं कधी?

(किसनसिंग नाही म्हणून मान हालवतो.)

किसनसिंग : मानी...

मानीबाई : काय, बा?

किसनसिंग : अजून काय काय सांगाचं राह्यलं असन तिचं?