सरणं आणि थरनां

(अमरावतीतल्या भाड्याच्या दोन खोल्या, दुपारचे साडेतीन. आवाज नीट ऐकू यावा म्हणून पौर्णिमाने पंखा बंद केला आहे. सतरंजीवर मोबाइल उताणा पडला आहे, आणि आई बेबीताई व धाकटा भाऊ विपुल विहिरीत वाकून पाहावं तसे त्याच्याकडे पाहत आहेत. थोरल्या भावाच्या, संघपालच्या व्हॉइस मेसेजमधला आवाज नुकताच थांबला आहे.)

बेबीताई: लाव न आनखी एकदा.

पौर्णिमा: सहा वेळा ऐकलं, आई.

बेबीताई: सातव्यांदा आयकलं तं झिजनार हाये काय माह्या पोराचा आवाज? लाव.

विपुल: काय आयकतं त्याच्यात? दादा खुशाल हाये, काम चांगलं हाये, विपुललेही धाडा, चार वाजेपर्यंत पासपोर्टच्या पयल्या पानाचा फोटो टाका. झालं. ताईनं उगाच पंखा बंद करून जीव खाल्ला.

पौर्णिमा: त्याचं बोलणं संपल्यावरही त्यानं रेकॉर्डिंगचं बटण सोडलेलं नाही. अकरा सेकंद. तेवढेच ऐक, विपुल. त्याच्या पाठीमागे कोण बोलतं आहे ते ऐक.

बेबीताई: तेच तं मी म्हनून राह्यली! मांगं बाई हाये एक. वंदना म्हनते. त्रिशरण चालू हाये तिचं. पोरी, माह्या जिवाले असी थंडक भेटली तं काय सांगू. बुद्धाच्या लोकायत हाये म्हटलं पोट्टं.

पौर्णिमा: काय ऐकलंस, ते तसंच म्हणून दाखव.

बेबीताई: आता हे काय? रोज विहारात म्हनतो तेच. बुद्धं सरणं गच्छामि.

पौर्णिमा: विहारातलं नको. फोनमधलं म्हण. जसं कानावर पडलं, अगदी तसं.

बेबीताई: बोद्दां... थरनां... गिस्सामि. बोबडी हाये जराशी. दात नसतीन बिचारीले.

पौर्णिमा: दात असतील. पालीतला 'स' ती माणसं अशीच उच्चारतात, जिभेचं टोक दातांत धरून. सरणंचं थरनां होतं आणि गच्छामिचं गिस्सामि. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या विहारांत हे असंच म्हटलं जातं.

विपुल: कोनती मानसं?

पौर्णिमा: बर्मी.

विपुल: काहीही! दादा मंगोलियात हाये, खानीच्या कंपनीत.

पौर्णिमा: दादा मंगोलियात आहे, असं अकोल्याचा एजंट म्हणतो. दादाला आपण बँकॉकचं विमान पकडताना पाहिलं. त्यापुढचं आपण फक्त ऐकलेलं आहे.

विपुल: निंघालं तुहं एम.ए.! बर्मी अन् मंगोल भाषेची तुलना. दोनशे पानं. दादा काय म्हने, ध्यानात हाये न? अमरावतीत राहून ह्या दोन भाषा शिकनं म्हंजे मोर्शीत संत्रं सोडून सफरचंद लावनं.

पौर्णिमा: म्हणायचा. आणि मी रुसायचे. आज मात्र त्या दोनशे पानांतलं एक तरी पान खोटं निघावं म्हणून मी दुपारी एकपासून शोधते आहे. निघत नाही.

बेबीताई: पन मंगोलियातले लोकबी बुद्धाचेच हायेत न? तूच सांगतलं व्हतं मले. म्हनूनच तं मी वाटेच्या दशम्या बांधून जाऊ देल्लं त्याले.

पौर्णिमा: बुद्धाचेच आहेत, आई. पण त्यांच्या तोंडी बुद्ध 'बुर्खान' होतो आणि धम्म 'नोम'. शरण जायचं तर ते 'बुर्खांद इत्गेमुइ' म्हणतात, नाहीतर तिबेटीतून म्हणतात. हे पालीतलं, तुझ्या ओठांवरचं त्रिशरण तिकडच्या रस्त्यावर कुणा बाईच्या तोंडी सहज येणार नाही. तुला जे ओळखीचं वाटलं ना, त्याचंच मला भय वाटलं.

विपुल: एका थ वरून?

पौर्णिमा: थ वरून नाही. चाल ऐक. मंगोल माणूस घशातून ख काढतो, आणि त्याच्या एका शब्दात एकाच घराण्याचे स्वर नांदतात. पण सूर चढवला-उतरवला म्हणून शब्दाचा अर्थ पालटत नाही. बर्मीत पालटतो. 'ला' साधा म्हटला तर 'ये'. तुटक म्हटला तर चंद्र. आणि वरून लांबवत खाली सोडला तर प्रश्न, आपल्या 'का'सारखा, वाक्याच्या शेवटी. नवव्या सेकंदाला तो तिसरा 'ला' आहे. कुणीतरी कुणालातरी काहीतरी विचारतं आहे.

बेबीताई: काय इचारते?

पौर्णिमा: तेवढं कळत नाही. पुस्तकातून शिकले मी, माणसांतून नाही. पण त्याच्या आधीचं कळतं. पाठीमागे एक पुरुष दोनदा ओरडतो, ते.

विपुल: म्यान म्यान. मले वाटलं मांजर हाये.

पौर्णिमा: म्यान म्यान म्हणजे लवकर, लवकर. मंगोल माणूस असता तर खुर्दन म्हणाला असता. आणि ते ऐकल्याबरोबर दादा 'हो, हो' म्हणतो. मराठीत. त्याला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक झालेला आहे, विपुल. तीन आठवड्यांत एवढा एक शब्द त्याला पक्का पाठ झाला आहे.

विपुल: अन् मंगोलियात बर्मी मजूर नसतीन काय? अमरावतीत बिहारी नाईत?

पौर्णिमा: असतील. असावेत. मी चुकले असेन तर जन्मभर मला हस, पोळ्याच्या बैलासारखी सजवून गल्लीतून फिरव. पण त्या अकरा सेकंदांत एकही मंगोल शब्द नाही. मंगोलियाची राजधानी, खाणकंपनीचं ऑफिस, आणि एकही मंगोल शब्द नाही?

विपुल: तुले ना, कोनाचं चांगलं झालेलं पाहवत नाई. मी इथं क्लासेसच्या जाहिराती वाटत राहू काय म्हतारा होईपर्यंत? परवाचं नागपूरवरून विमानाचं तिकीट काढलं त्यायनं माह्यं. त्यायच्या खर्चानं!

पौर्णिमा: त्यांच्या खर्चानं. हे वाक्य एकदा मोठ्यानं म्हण आणि स्वतःच ऐक. तू काल अकोल्याला गेलास, तो माणूस काय म्हणाला?

विपुल: चहा पाजला. म्हने, भाऊ तिथं सुखात हाये, दोघं भाऊ एका खोलीत राहाल.

पौर्णिमा: आणि दादाशी बोलणं करून दिलं?

विपुल: नाई. म्हने, ड्युटीवर असते तो.

बेबीताई: एवढी कोनती ड्युटी रे बाप्पा, का मायसंग बोलाले टाइम नाई?

पौर्णिमा: आई, एक विचारू? दादा तुझ्याशी बोलताना कधी 'मला' म्हणाला आहे?

बेबीताई: मला? नाई वो. मले. तुह्यासारखी पुस्तकी जीभ नाई त्याची.

पौर्णिमा: आता ऐक. 'मला इथे अतिशय समाधान आहे. मला वाटते विपुलनेही यावे.' हे आपल्या घरातलं मराठी नाही. हे कुणीतरी लिहून पुढ्यात धरलेलं मराठी आहे, आणि तो ते वाचतो आहे.

विपुल: मराठी कोन लिहून देईन तिथं?

पौर्णिमा: आधी नेलेलं कुणी. आपल्याकडचाच कुणी. त्यालाही लिहावंच लागत असेल. बातम्यांत तूच दाखवली होतीस ना ती कुंपणं, थायलंडच्या सीमेपलीकडे म्यानमारमध्ये, जिथे माणसं डांबून ठेवतात? दिवसभर फोनवरून लोकांना फसवायचं, आणि नाही म्हटलं तर...

विपुल: ताई, आईसमोर नोको.

बेबीताई: बोलू दे तिले. मी काही काचेची नाई. पौर्णिमा, मीबी एक गोठ सांगतो. मघापासून गिळून राह्यली.

पौर्णिमा: सांग.

बेबीताई: त्यानं जय भीम नाई केला. शायेत असताना मले पिंपातून पानी मांगे, तरी पयले जय भीम करे, मंग हासे. फोन ठेवताना तं कदीच चुकला नाई. यावेळेस केला नाई. मी मनाले म्हटलं, घाईत असन.

विपुल: आई...

बेबीताई: घाईत नव्हता न तो? अकरा सेकंद व्हते त्याच्यापाशी.

पौर्णिमा: ते अकरा सेकंद माझे होते, आई. जाताना मीच त्याला म्हटलं होतं, तिकडच्या रस्त्यावरचं बोलणं मला पाठव, मला अभ्यासाला होईल. तो म्हणाला, तुह्या मंगोलीचं लोनचं घाल. आणि आज त्यानं जीव मुठीत धरून बटण दाबून ठेवलं. मी ऐकेन, हे त्याला ठाऊक होतं. त्या खोलीत कुणी पाहिलं असतं तर? किंवा पाहिलं असेल तर? मला ह्याच्यापुढे विचार करवत नाही.

विपुल: पावने चार झाले.

पौर्णिमा: फोटो पाठवायचा नाही. आपण सायबर पोलिसांकडे जाऊ, आत्ता, ह्याच कपड्यांवर. दूतावासाला लिहू. लोकं सुटून आलेली आहेत.

विपुल: अन् चार वाजता?

पौर्णिमा: लिहू की पासपोर्ट पडताळणीत अडकला.

विपुल: पासपोर्ट हातात आला त्याच दिवशी मी दादाले फोटो टाकला व्हता. कव्हरचा. त्यायनं पायला असन. खोटं बोललो तं त्यायले समजते. ताई, सरळ सांग. मी नाई गेलो, तं त्याले काय करतीन?

पौर्णिमा: मला ठाऊक नाही.

विपुल: ठाऊक हाये तुले. तू खाली पाहून राह्यली.

बेबीताई: अन् हा गेला तं? त्याले सोडतीन?

पौर्णिमा: नाही, आई. हा गेला तर महिन्याभरानं आणखी एक असाच संदेश येईल. विपुलच्या आवाजात. 'मला इथे अतिशय समाधान आहे.' आणि त्यात नाव माझं असेल.

विपुल: आला. ऑनलाइन आला तो.

पौर्णिमा: हात लावू नकोस.

विपुल: टाइप करून राह्यला... थांबला... परत करून राह्यला. 'फोटो लवकर पाठवा.' बस, एवढंच. दादाच्या नंबरावरून.

बेबीताई: लवकर म्हने?

पौर्णिमा: हो.

बेबीताई: तू सांगतला तो शब्द... म्यान म्यान... तसंच कोनी ओरडत असन काय आता त्याच्या डोक्यावर?

विपुल: ताई, आपन दोघंबी काही ठरवू नोको. जी दोघायची माय हाये, ती सांगन. आई, तू म्हनशीन तसं. जा म्हटलं तं जातो. मले भेव वाटते, पन जातो.

पौर्णिमा: असं तिच्यावर टाकू नकोस रे. हे कुणी कुणाला विचारायचं नसतं.

विपुल: मंग तू देते उत्तर? दे. सात मिनिटं हायेत.

पौर्णिमा: आई, मी लिहिते. 'विपुल येणार नाही.' एवढंच. तू फक्त मान हलव. लिहू का? आई?

विपुल: आई, कुठी चालली?

पौर्णिमा: आई, मी काहीतरी विचारते आहे. स्वयंपाकघरात काय आहे आत्ता? इकडे बघ ना माझ्याकडे... आई, हे एवढं दशम्यांचं पीठ कोणासाठी काढते आहेस?