थॉर्नशॉचा उतार

सपाट! सपाट म्हणे! अहो, सपाट मैदानं काय, कुठेही मिळतात, त्यासाठी थॉर्नशॉला कशाला यायला पाहिजे? तुम्हाला सांगतो, या फुटबॉल क्लबाचा इतिहास विचारायला आलात ना, तर तो त्या कपाटात नाही, कपाटात एकच कप आहे, तोही चिरलेला, त्यात माझी बायको एडना चहाचे चमचे ठेवते... आमचा इतिहास म्हणजे हा उतार. म्हणजे, होता. चांगला उतार होता हो आमचा!

बसा ना, बाक ओला आहे, पण तो ओलाच असतो.

तर राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींनी क्लब काढला आणि पाद्रीबुवांनी जमीन दिली. का दिली? मन मोठं म्हणून? छे! त्या जमिनीवर मेंढ्यासुद्धा घसरायच्या! वरचा गोल चर्चपाशी, खालचा ओढ्यापाशी, मधे ही घसरगुंडी. खाली उभं राहिलात तर वरच्या गोलकीपरचे बूट तुमच्या डोक्याच्या वर. आणि रीत काय, तर टॉस जिंकला की आमचा कॅप्टन एकच सांगणार, आधी चढ. पहिल्या हाफला जीव जाईस्तोवर चढायचं, गोल खायचे, खोकायचं, मग चहा ढोसून उताराला लागायचं... एकदा मोठा संघ आला होता, पेपरात नाव येणारा, त्यांचा कॅप्टन बसमधून उतरला, मैदानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे बाजूला करा, मैदान कुठाय?" संध्याकाळी हरून गेला बिचारा. त्यावर आम्ही अजून जगतोय.

माझे बाबा जन्मभर त्या खालच्या गोलामागे उभे. रंगाच्या कारखान्यात काम, नखं कायम निळी. मी लहानपणी बॉलमागे पळायला लागलो की म्हणायचे, "नॉरिस, पळतोस कशाला? शेवटी सगळं इथेच येतं." गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे राख तिथेच टाकली, खालच्या गोलासमोर. आमच्याकडे तशी पद्धतच आहे, त्या गोलासमोर निम्मं गाव आहे, गवत राखणारा कुरकुरतो नुसता, म्हणतो गवताला मानवत नाही. तेव्हापासून दर शनिवारी मी तिथेच उभा. काय झालं ते बाबांना सांगतो. हसू नका, बऱ्याचदा सांगण्यासारखं काही नसतंच.

आणि मग आला डेस्मंड क्लेग! आमचा अध्यक्ष. गालिचे विकतो, त्याला सगळं सपाटच लागतं. मीटिंगमध्ये उभा राहिला, असा, कोटाला हात पुसत, "मंडळी, वरच्या लीगमध्ये जायचं तर मैदान सपाट हवं." वरच्या लीगमध्ये? अहो, आहे तिथे टिकायची मारामार! पण हात वर झाले. मशीन आलं, वरची टेकाडं कापली आणि ती सगळी माती... कुठे टाकली असेल? खालच्या गोलासमोर. पुरुषभर माती, माझ्या बापाच्या डोक्यावर! मी क्लेगला म्हणालो, खाली बाबा आहेत. तो म्हणतो, "नॉरिस, ते आता आणखी सुरक्षित आहेत." चांगला उतार होता हो आमचा!

मग काय, हरायला लागलो. पोरं जन्मभर उतारावर खेळलेली, सपाटीवर त्यांना पाय कुठे टाकावा कळेना. हरता हरता शेवटची मॅच आली, हेबलसाइक गावच्या संघाशी. जिंकलो तर टिकलो, नाहीतर लीगमधून बाहेर आणि क्लबाला कुलूप. कुलूप लागलं तर मी शनिवारी कुठे जाऊन उभा राहू? एडना म्हणाली, "घरी." म्हणजे बघा.

टॉस आम्ही जिंकला. आणि आमचा कॅप्टन, सवय हो, बापजाद्यांची सवय, बोट दाखवून म्हणतो, आधी चढ! अरे कुठला चढ? चढ गेला ना! चर्चकडून वारा असा सुटलाय की टोप्या ओढ्यात, आणि हे शहाणे वाऱ्यावर डोकं आपटतायत. एक गोल खाल्ला. म्हटलं असू दे, दुसऱ्या हाफला वारा आपला. चहा प्यायलो, बाहेर आलो... वारा बंद! पान हलेना!

कसाबसा एक फेडला. बरोबरीने भागणार नव्हतं. शेवटची मिनिटं, मी खालच्या गोलामागे कठडा धरून, आणि आमच्या पोराने मारला तो काय फटका? फटका कसला, बॉल लोळवला नुसता. दमून थांबायलाच आलेला. त्यांचा बॅक मारायला धावला तर त्यांचा गोलकीपर ऐटीत म्हणतो, "राहू दे, थांबतोय तो."

थांबतोय? तुम्हाला सांगतो, तो भराव पावसाने खचला होता. गोलासमोर, बरोब्बर बाबांच्या जागी. त्या परक्या पोराला काय माहीत? बॉल थांबला, विचार केल्यासारखा... आणि निघाला. हळू. गोगलगायीने पुढे जावं इतका हळू. गोलकीपरला कळून तो झेपावला तोवर बॉल रेषेच्या आत! सगळं गाव ओरडत होतं, आणि मी? रडलो मी, सरळ सांगतो. सगळं शेवटी इथेच येतं हो.

टिकलो. क्लब टिकला. गळ्यात पडणं वगैरे झालं आणि क्लेग आला, खड्ड्याकडे बघत म्हणाला, "भराव खचलाय. रेफरीने बघितलं. पुढच्या शनिवारी सगळे या, माती टाकून पुन्हा सपाट करू. गोलापाशी कोण थांबेल?"

मीच हात वर केला. दुसरं कोण करणार? बापावर पुन्हा माती टाकायची तर ती घरच्या माणसाने टाकावी. चार पाट्या कमी टाकीन म्हणतो, कोण मोजतंय?

तुम्ही पण या शनिवारी. फावडं मात्र आपापलं आणायचंय.