न पुसलेला बॉल

क्वेई-लान : बॅग उलटी केली, कपाट उपसलं, आता काय या बाकाखाली रांगत जाऊ? युन-शी, टॉवेल गेला कुठं माझा?

युन-शी : हॉटेलवर राहिला असेल गं आत्या.

क्वेई-लान : हॉटेलवर कसा राहील? सकाळी माझू देवीच्या देवळात धुपावरून फिरवून आणला. तू होतीस की बरोबर. चहात उकडलेलं अंडं सोलत पायरीवर उभी होतीस.

युन-शी : मग येताना पडला असेल.

क्वेई-लान : पार्लर चालवते मी, बाई. दिवसभर टॉवेल असतो हातात. एक वेळ मान गळून पडेल माझी, टॉवेल नाही पडायचा. जाऊ दे. तुझा दे.

युन-शी : माझा?

क्वेई-लान : हो, तुझाच. तो काय खांद्यावर टाकलायस.

युन-शी : एक दिवस नाही पुसला बॉल, तर काय बिघडतंय?

क्वेई-लान : काय म्हणालीस?

युन-शी : काही नाही.

क्वेई-लान : एवढीशी होतीस तेव्हा तुला बोलिंग शिकवलं मी. टाकायला नंतर, आधी पुसायला. पिना पाडून बॉल परत येतो तो लेनचं तेल अंगभर फासून येतो. पुसायचा, मगच उचलायचा. आज पदकाची मॅच, समोर कोरियाच्या बायका, आणि तू मला विचारतेस काय बिघडतंय? थांब. अशी खाली काय बघतेस?

युन-शी : तुला टॉवेल द्यायचा नाही, असं सांगितलंय.

क्वेई-लान : कुणी?

युन-शी : कोच फांगनी. तुझा त्यांच्याच बॅगेत आहे. तू बूट घालत होतीस तेव्हा काढला त्यांनी. मी बघितलं.

क्वेई-लान : शी! पन्नाशीचा बाप्या माझ्या बॅगेत हात घालतो आणि तू बघत बसतेस. कशाला हवाय त्याला? घाम पुसायला?

युन-शी : तू चिडशील.

क्वेई-लान : चिडलेलीच आहे. बोल.

युन-शी : आमचा बॉल कसा जातो तुला माहितीये. जड असतो, आधी गटरच्या कडेकडेनं जातो, मग एकदम वळून पिनांत घुसतो. तो वळतो, कारण लेनवर अलीकडं तेल असतं आणि शेवटचा तुकडा कोरडा असतो. कोरड्यावर आला की पकडतो.

क्वेई-लान : हे आता तू मला शिकव.

युन-शी : ऐक तरी. तुझी ती तबकडी. हलका गुळगुळीत बॉल, स्वतःभोवती गरगरत सरळ जातो. तुला तेल असलं काय नि नसलं काय. पण जाताना तो अलीकडचं तेल ओढत नेतो आणि त्या कोरड्या तुकड्यावर लावतो. पुसलाच नाही तर जास्तच. मग तिथं कोरियाच्या बायकांचा बॉल पकडतच नाही. नुसता घसरत जातो.

क्वेई-लान : आणि तुम्हा पोरींचा?

युन-शी : आजच्या मॅचसाठी आमचे बॉल सँडपेपर मारून खरखरीत केलेत. तशाच तेलकट लेनवर सराव केलाय शिबिरात. तुला शिबिराला उशिरा बोलावलं ना, ते त्यासाठीच.

क्वेई-लान : म्हणजे मी संघात आहे ती तेल वाहायला.

युन-शी : आत्या…

क्वेई-लान : नाही, मला नीट कळू दे. दहा वर्षांपूर्वी या संघवाल्यांनीच सांगितलं, तबकडीचे दिवस गेले, आता घरी बसा. बसले. बायकांची डोकी धुतली. मग मार्चमध्ये हा माणूस चियायीला माझ्या दारात आला, अननसाच्या केकचा डबा घेऊन. माझ्या हातचा टर्कीचा भात दोनदा वाढून घेतला आणि म्हणाला, ताई, संघाला तुमच्या हाताची गरज आहे. हाताची! आणि मी येडी. आरशावर जर्सी टांगली. केस कापायला येईल तिला सांगत सुटले, या वयात बोलावणं आलंय म्हणून.

युन-शी : हळू बोल ना.

क्वेई-लान : का हळू? अगं, आमची मनगटं बारीक, जड बॉल पेलायचा नाही, म्हणून आम्ही हलका बॉल घेतला नि फिरकी शिकलो. युरोपातल्या उंच उंच बायका हसायच्या, हे काय बश्या फिरवल्यासारखं. हरल्यावर त्याच यायच्या, माझा हात उलटासुलटा करून बघायच्या. त्या हाताचं या लोकांनी पोतेरं केलं.

फांग : क्वेई-लान ताई, आवाज बाहेरपर्यंत येतोय. पत्रकार आहेत तिकडं.

क्वेई-लान : या, टॉवेलचोर.

फांग : चोरी कसली? सांभाळून ठेवलाय. मॅच झाली की देतो. आणि हे बघा, बॉल पुसलाच पाहिजे असं नियमात कुठंही नाही.

क्वेई-लान : नाक शिंकरल्यावर हात धुवा, असंही नियमात नाही.

फांग : तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. हा संघाचा डावपेच आहे. यात प्रत्येकाची एक भूमिका असते.

क्वेई-लान : माझी फडक्याची.

फांग : उलट तुमच्यावर आम्ही कसलंच ओझं टाकलेलं नाही. कितीही पडू देत. तुमच्या पिना आम्ही हिशेबात धरलेल्याच नाहीत.

क्वेई-लान : काल आपल्या तिघींत सगळ्यात जास्त कुणी पाडल्या? फळ्यावर बघितलंत?

फांग : पेई-शाननी ना?

क्वेई-लान : बघ, युन-शी. यांना माहीतसुद्धा नाही.

फांग : तुम्ही? अरे वा. मग उत्तमच. वरकमाई समजू.

क्वेई-लान : वरकमाई! ओकारी येते हो तुमचं बोलणं ऐकून. ती कोरियाची पहिली खेळाडू, नाम ह्ये-सन. काल कंबरेत वाकून नमस्कार केला तिनं मला. आणि आज मी तिच्या लेनवर घाण करून ठेवायची? मी टाकीन तर पुसून टाकीन. नाहीतर तुमच्या राखीव पोरीला उतरवा.

फांग : उतरवतो की. पण तीही वळणाराच टाकते. तिच्या बॉलनं तेल हलणार नाही. मग युन-शीचा खरखरीत बॉल कोरड्यावर फार लवकर पकडेल आणि भलतीकडेच जाईल. बॉल सकाळीच नोंदवलेत, आता बदलता येत नाहीत. पदक गेलं, की हिची क्रीडा विद्यापीठातली जागा गेली. तुमच्या भावाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

क्वेई-लान : पोरीला मध्ये आणू नका.

फांग : ती मध्येच आहे, ताई.

युन-शी : आत्या, बाबांनी सांगून ठेवलंय. यंदा जागा नाही मिळाली तर गांगशानला स्क्रूच्या कारखान्यात. तिथल्या सुपरवायझरशी बोलणंही झालंय. एकच मॅच गं. माझ्यासाठी.

क्वेई-लान : तुला हे सगळं शिबिरापासून माहीत होतं?

युन-शी : हो.

क्वेई-लान : माझ्या शेजारच्या पलंगावर झोपत होतीस. रोज रात्री खांदा चोळून घेत होतीस माझ्याकडून.

युन-शी : हो.

क्वेई-लान : यांची शिसारी आली ती आलीच. तुझीही आली मला. पहिल्यांदाच. बरं, नाही पुसत. शब्द दिला तुला. चल.

फांग : आभारी आहे, ताई.

क्वेई-लान : तुमच्यासाठी नाही. आणि तोंड तिकडं करा, सुपारीचा भपकारा येतोय.

(दुसरा गेम. क्वेई-लान लेनवर; फांग आणि युन-शी बाकावर.)

फांग : बघ, मनगट कसं वरून फिरवलं, बरणीचं झाकण उघडावं तसं. तबकडी गेली सरळ रेघेत. आता एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी…

युन-शी : सगळ्या पडल्या.

फांग : पडू देत. तू पिना नको बघूस, त्यांच्या अलीकडचा तो कोरडा तुकडा बघ. चकाकायला लागलाय. आता नाम ह्ये-सन. टाकला. हां, आता वळायला हवा… नाही वळला! घसरला! तीन राहिल्या!

युन-शी : टाळ्या नका ना वाजवू.

फांग : का? मग एवढा घाम कशासाठी गाळला?

युन-शी : ती स्वतःचे बूट तपासतेय. मघाशी अंगठ्याची टेप बदलली. तिला वाटतंय तिचंच काहीतरी चुकतंय.

फांग : तेच तर हवंय. तू काम चोख केलंस हं. मी म्हटलंच होतं, घरच्या माणसापुढं नमतील त्या. तबकडी टाकणाऱ्या आणखी चौघी होत्या, हिच्याहून तरण्या. पण त्यांची भाची नव्हती संघात.

युन-शी : म्हणजे आत्याला माझ्यामुळं घेतलं?

फांग : मग काय तिच्या हातामुळं?

युन-शी : तुम्हीच तसं म्हणालात तिला. तिच्या घरी जेवताना.

फांग : भात चांगला होता, हे खरंच. ऊठ, तुझी पाळी.

क्वेई-लान : आलीस? नऊ पडल्या का? बरं झालं. छान पकडतोय गं तुझा बॉल. तेल बरोबर लावलंय ना मी?

युन-शी : असं नको ना बोलूस.

क्वेई-लान : मग कसं बोलू? बघ हात माझे. लोकांच्या डोक्याचं तेल काढते मी, त्याची कधी किळस नाही वाटली. हे मात्र कोपरापर्यंत आलंय. मघाशी बॉल उचलताना सटकलाच होता, पायावर पडला असता.

युन-शी : आत्या, नाम ह्ये-सन इकडंच येतेय.

फांग : बोलू नका तिच्याशी. तक्रार असेल तर पंचांकडं जाईल.

युन-शी : तक्रार नाही दिसत. हातात टॉवेल आहे.

क्वेई-लान : काय म्हणतेय? तुला येतं ना कोरियन, दोन उन्हाळे शिकायला होतीस तिथं.

युन-शी : म्हणतेय, ताई, मघापासून बघतेय, तुमचा टॉवेल राहिलाय वाटतं. दोन्ही संघांचे बॉल परत येऊन एकाच ठिकाणी थांबतात ना, तिथं तेल बघितलं तिनं. बॉल हातातून निसटून मनगट दुखावेल, म्हणतेय. तिच्याकडं जास्तीचा आहे. कोरा आहे.

क्वेई-लान : दोन्ही हातांनी धरलाय गं तिनं.

फांग : युन-शी, सांग तिला, आमच्याकडं आहे. आभार मान आणि सांग, गरज नाही.

क्वेई-लान : तुला शब्द दिलाय मी. तू सांगशील तसं करीन.

फांग : अगं सांग ना! अजून अर्धा गेम बाकी आहे. आता पुसायला सुरुवात केली तर शेवटचा तुकडा पुन्हा कोरडा पडेल. बॉल तुझा फुकट जाईल. जागा तुझी जाईल, माझी नाही.

युन-शी : मला नाही येत कोरियन.

फांग : काय?

युन-शी : तुम्हीच सांगा तिला. आमच्याकडं आहे, पण मी तो चोरून बॅगेत घातलाय, असं सांगा. किळस आली मला. तुमची नाही हो, तुमची आधीच आली होती. माझीच आली. आत्या, घे तो.

क्वेई-लान : कारखान्यात सकाळी सहाला हजर व्हावं लागतं.

युन-शी : माहितीये. घे तू.

फांग : वेड लागलंय दोघींना. ताई, हात मागं घ्या. ताई!

क्वेई-लान : युन-शी, तिला म्हणावं, तेल फार आहे, डाग पडतील. घरी नेऊन धुते आणि मग देते.