अंगणवाडीचा काटा

हसू नोका बायांनो, पण आमच्या अंगणवाडीत बाप म्या आणले, पालकाईच्या सभेनं नाई!

माही नात गुड्डी तवा वजनात लय मागं पडली होती. अंगणवाडीची ताई म्हणे, "आजी, आता तिच्या बापालेच पाठवा." माहा दिलीप म्हणे, "माय, ते बायाचं काम आहे."

मंग मी पानठेल्यावर हळूच सांगून आली, "अंगणवाडीचा काटा खोटा आहे, पोराईचं वजन कमी दाखवते."

कापूस इकताना खोट्या काट्यानं लुटलेले माणसं ते! काट्याचं नाव काढलं का पेटते. दुसऱ्या दिवशी आठ बाप दारात. दिलीपनं घरून दोन किलोचा साखरेचा पुडा नेलता. काट्यावर ठेवला, तर बरोब्बर दोन किलो. मंग गुड्डीले बसवलं अन् आकडा दोनदा वाचला. मंग म्हणे, "ताई, हिले काय काय चारू?"

येताना पोरीले खांद्यावर घेऊन भर चौकातून आला. मले त्याचा बाप आठवला. माह्या सासऱ्यासमोर पोरगं घ्याची लाज, म्हणून दिलीपले गोठ्यात नेऊन मुके घेये. एकदा म्या पकडलं, तर म्हणे, "बैलाले चारा टाकून राह्यलो!"