नात्यातला माणूस

डिचोलीच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या सुलोचनाबाईंनी परक्यांचे बोलणे ऐकायचे नाही असे ठरवले होते. पण शेजारचे दोघे तरुण अगदी त्यांच्या कानाशी बोलत होते.

"प्रज्योत, हर्षा शुद्धीवर आलीय. तुलाच विचारते."

"दारावरचे काका नातेवाईकांनाच सोडतात, सर्वेश."

"भाऊ म्हणून सांग."

"तिचा भाऊ मुरगावहून निघालाय. तो पोचला की मी कोण?"

"मग मावसभाऊ हो रे!"

"सहा वर्षं तिघं एका घरात राहतो. आपल्यासारख्यांना कायद्यात जागा द्या, असं रविवारी पणजीच्या सभेत ती बोलणार होती. आणि मी इथं मावसभाऊ?"

"सभा रविवारी आहे. ती आज वाट बघतेय."

प्रज्योत उठला. सुलोचनाबाईंनी पाय आवरून त्याला वाट दिली.

"तुमी पेशंटाचे कोण?" पहारेकऱ्याने विचारले.

"नवरा."

"नवरो आत्ताच येऊन गेलो मरे!"

"काका," बाकावरून सर्वेश म्हणाला, "कायद्यानं मी नवरा. घरात आम्ही दोघंही."

पहारेकरी आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिला. मग त्याने दार लोटले.

"चपला हंय काढ, बाबा. आणि तुझ्या बायलेक जास्त बोलूक लावू नको."