खोट्या कागदावरची सही

मी पिशोरचा. आमचं खानदान मेंढरं राखणारं, आजा-पंजा सगळे मेंढरांमागंच हिंडले, पण लागोपाठ दुष्काळ पडला, चारा नाय, पाणी नाय, बापानं कळप विकला अन् मला म्हणला, तू शीक. शहरात राहून प्राणिशास्त्र शिकलो. तवा चिकलठाण्याकडं नुसत्या इमारती उठत होत्या, पाणी मातर टँकरचं. अन् काय सांगू तुम्हाला, ज्यानं नदी भरलेली पाहिली नाय त्याला नोकरी लागली समुद्रात! परदेशी बोटीवर, निरीक्षक म्हणून. बोट मोठं गोल जाळं टाकून ट्यूना मासा धरायची. त्यात डॉल्फिन मेला नाय हे मी बघायचं, कागदावर सही करायची, मगच त्या माशाच्या डब्यावर डॉल्फिन-सुरक्षित असा शिक्का. मेलाच, तर त्या जाळ्यातला मासा बोटीच्या पोटातल्या वेगळ्या खणात, कागदबी वेगळा.

एक दिवस भर दुपारी जाळ्यात दोन डॉल्फिन आले, माय अन् पिल्लू. माय सुटली, पिल्लू गुतलं. ते आपल्यावानी हवेत श्वास घेतंय हो, पाण्याखाली अडकलं की गुदमरतंय. वर काढलं तवा संपलेलं. माय बोटीभवती फिरत राहिली, वर यायची, फुस्सकन श्वास सोडायची, परत फिरायची.

कप्तान मोडक्या इंग्रजीत म्हणला, एकच तर हाय, कर सही. मी म्हणलो, नाय, ते मेलंय, मी पाहिलंय. तो हसला, म्हणला, किनारा लई दूर हाय, पोरा. मी भ्यालो. केली सही. मासा चांगल्या खणात गेला.

किनाऱ्याला उतरलो. महिन्यानं, ज्यांनी मला बोटीवर नेमलं त्या हापिसात जाऊन सांगितलं, साहेब, मी खोटं लिहिलं. त्यांनी खणाचा नंबर काढला, कागदाला कागद लावत गेले, तर डबे दुकानात जाऊन विकलेबी होते. कप्तानाचं काय झालं ते कळलं नाय. माझी नोकरी गेली.

आता वाळूजला कंपनीत हाय, तपासणीच्या कामाला. हवेची नळी सुटून फुस्स झालं की आजबी मागं वळून बघतो. बायको म्हणती, अवो, जनावर होतं ते, किती वर्षं झाली. व्हय, झाली.

तुम्ही म्हणता नाव बदलून छापू. नको. भगवान सखाराम, पिशोर, असंच लिहा. खोट्याला माझं नाव दिलं, खऱ्यालाबी देऊ द्या.