कुलूप लावलेलं घर

बागेच्या वाढीव आराखड्यावर हरकती घ्यायच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्या पुढे एक म्हातारी आणि तिच्या गल्लीतला इस्त्रीवाला.

"मावशी, तुमचं घर कसं गेलं बागेत? राहत्या माणसांना धक्का लावणार नाही, फक्त रिकामी घरं घेणार, असं म्हणत होते ना?"

"माझं रिकामंच धरलंय. पाहणीला आले तेव्हा दाराला कुलूप होतं."

"आणि काका?"

"आतच होते. कुठे जाणार? अंग लुळं पडल्यापासून कूस बदलायलाही मी लागते."

"मग बाहेरून कुलूप कशाला घालता?"

"कामावर जायला नको मला? दार उघडं टाकलं की कुत्री शिरतात. आतून कडी लावायची तर काढणार कोण?"

"निदान हाक तरी मारायची त्यांनी."

"वाचा कुठे राहिलीय, बाबा? त्या संध्याकाळी नुसते दाराकडे बघत होते. मला वाटलं, उशीर झाला म्हणून रागावलेत."

"हे सगळं खिडकीवर सांगा."

"मागच्या खेपेला सांगितलं की. साहेब बिचारा चांगला. म्हणाला, माणसं पाठवतो, घरात कोणी दिसलं तर वगळतो. मला आज सहीला बोलावलंय."

"आणि माणसं कधी येणार?"

"तीही आजच. म्हणून तर त्यांना सकाळीच न्हाऊ घातलं, धुतलेला सदरा चढवला, उशा लावून दारासमोर बसवलं."

"मग झालं तर. दार उघडायला कोण आहे?"

रांग पुढे सरकली. म्हातारी कमरेची किल्ली चाचपत तिथेच उभी राहिली.